जमीन एकाच्या नांवें कीं गांवाच्या नांवें?

मुंबई-नागपूर समृद्धि महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ सालच्या जून महिन्यांत आमणें येथपर्यंत खुला झाला. त्याच्या किती तरी आधींपासून शहापूर, भिवंडी व कल्याण या तालुक्यांतील जमिनीचा भाव चढत होता. आतां तर जेथें वरी-नाचणी होण्याची मारामार, अशा माळावरही मोजणीचे दगड व तारेचें कुंपण दिसूं लागलें आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकीं पुष्कळांस या भाववाढीनें चार पैसे मिळाले, याचें कोणास वैषम्य वाटण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच शिवारांत पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या ठाकूर, वारली, कातकरी व दलित कुटुंबांपैकीं किती जणांच्या पदरांत तिचा अंश पडला, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. सात-बाऱ्यावर ज्याचें नांव त्यास भाव आला; ज्याचें नांव नव्हतें त्याची पायवाट, जळण व गुरें चारण्याची जागा तेवढी गेली.

या समाजांनीं भांडवलाच्या या लोंढ्यापुढें टिकावें कसें, याचीं दोन उत्तरें फार दिवसांपासून दिलीं जात आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, प्रत्येक कुटुंबाच्या नांवें स्वतंत्र सात-बारा करून द्या. मालकी आली कीं माणूस जमीन राखतो, बांध घालतो, विहीर खणतो आणि कोणापुढें वांकत नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, एकट्यास दिलेली जमीन आज ना उद्यां सावकाराच्या किंवा बिल्डराच्या घशांत जाणारच, यास्तव ती गांवाच्या अथवा समाजाच्या सामाईक मालकीची असावी. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यामुळें या वादाकडे तो तत्त्वज्ञानाच्या बाजूनें न पाहतां फेरफार-नोंदींच्या बाजूनें पाहणार आहे, एवढें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

पहिल्या उपायाची परीक्षा आपल्याच जिल्ह्यांत होऊन गेली आहे. (आज ज्यास पालघर जिल्हा म्हणतात तो भाग १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होता, येथें दोहोंचा मिळून विचार केला आहे.) एकोणिसाव्या शतकांत रयतवारी पाहणी झाली, नंबर पडले, आकार बसला व जमिनीस वैयक्तिक खातेदार आला. ही खातेदारी विकतां व गहाण टाकतां येऊं लागली. वारली किंवा ठाकूर यांस जमीन म्हणजे पोट भरण्याचें साधन एवढेंच ठाऊक. कागदावर ती एका क्षणांत हात बदलते हें त्यांस ठाऊक नव्हतें. पावसाळ्यांत घरांतील दाणा संपला कीं खावटीसाठीं सावकाराकडे जावयाचें, पीक येतांच वाढीदिढीनें फेडावयाचें, न फिटल्यास कागदावर अंगठा उठवावयाचा, पुढें त्याच जमिनीवर कूळ म्हणून आणि शेवटीं वेठीचा गडी म्हणून राबावयाचें, असा हा क्रम होता. लग्नाच्या खर्चासाठीं कर्ज काढून स्वतःस सावकाराकडे बांधून घेणाऱ्या ‘लग्नगड्या’ची चाल त्यांतलीच. १९३८ सालीं सिमिंग्टन या सनदी अंमलदारानें मुंबई सरकारसाठीं डोंगरी व आदिवासी मुलखाची चौकशी केली, तींत हा सर्व प्रकार लेखी नमूद झाला. परंतु अहवालानें वेठ थांबली नाहीं. जानेवारी १९४५ मध्यें आपल्या कल्याण तालुक्यांतील टिटवाळें येथें किसान सभेची प्रांतिक परिषद भरली, तेथें उंबरगांवकडील वारली आले. आणि परत जाऊन गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानें त्यांनीं वेठ व लग्नगडी या दोन्ही चाली मोडून काढिल्या.

या हकीकतींत एक गोष्ट सहज नजरेआड होते. या लोकांजवळ मालकी कधीं नव्हतीच असें नाहीं. पुष्कळांजवळ ती होती, वैयक्तिक होती, दप्तरीं नोंदलेली होती. नोंदलेली होती म्हणूनच ती गहाण पडूं शकली.

सरकारास हें उमगलें नव्हतें असेंही नाहीं. १९०१ सालीं मुंबई कायदेमंडळांत जमीनमहसूल कायद्यास दुरुस्ती आणून, सरकारजमा झालेल्या जमिनी पुन्हां देतांना त्या विकतां येऊं नयेत अशी शर्त घालण्याची सोय करण्यांत आली. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले प्रभृति सभासद निषेध म्हणून सभागृहांतून उठून गेले. विकण्याचा हक्क काढला कीं रयतेची पत जाते, पत गेली कीं बियाण्यासही कर्ज मिळत नाहीं, अशी त्या पक्षाची तक्रार होती व ती खोटी नव्हती. उलट, विकण्याचा हक्क ठेवला तर जमीन सावकाराकडे जाते, हें सरकारचें म्हणणेंही खोटें नव्हतें. दोन्ही पक्ष खरें बोलत होते, हेंच या वादाचें दुर्दैव! नवी शर्त, ‘भोगवटादार वर्ग २’ वगैरे जे शब्द आपण आज उताऱ्यावर वाचतों, त्यांचें मूळ याच पेंचांत आहे.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची कड अधिक घट्ट झाली. महसूल अधिनियमाच्या कलम ३६ अ प्रमाणें ६ जुलै १९७४ नंतर आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवांचून बिगर-आदिवासीकडे जाऊं शकत नाहीं. शिवाय १ एप्रिल १९५७ पासून त्या तारखेपर्यंत गेलेल्या जमिनी मूळ मालकांस परत करण्याविषयीं १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे, व तो १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वैध ठरविला. कायदा चांगला, परंतु कुलमुखत्यारपत्र, विसारपावती, नोटरीपुढील करार, दुसऱ्या आदिवासीच्या नांवें बेनामी खरेदी, अशा वाटा माणसानें शोधून काढल्याच. कूळकायद्यानें मिळालेल्या जमिनीवरील कलम ४३ ची अट तर २०१४ सालीं सरकारनेंच सैल केली. खरेदीस दहा वर्षें लोटलीं असल्यास आकाराच्या ४० पट रक्कम भरून जमीन विकण्यास मोकळी. आकार म्हणजे किती, तर एकरीं कांहीं थोडे रुपये! २०२५ च्या सप्टेंबरांत, आदिवासी खातेदारांस आपली जमीन खाजगी उद्योगांस भाडेपट्ट्यानें थेट देऊं देण्याचा बेत राज्याच्या महसूलमंत्र्यांनीं बोलून दाखविला, तेव्हां जो वाद उठला तो १९०१ चाच वाद होता.

आतां दुसऱ्या उपायाकडे वळूं. सामाईक मालकी ही आपोआपच गरिबांच्या हिताची असें समजणाऱ्यांनीं महार वतनाचा इतिहास अवश्य पाहावा. वतनाची जमीन एका माणसाची नसे, सबंध भाऊबंदांची असे. आणि १८७४ च्या वतन कायद्यानें ती वतनदारांच्या कुळाबाहेर सहसा जाऊं शकत नसे. म्हणजे सामाईक मालकी आणि विक्रीस बंदी, या दोन्ही गोष्टी येथें जुळून आल्या होत्या. फळ काय निघालें? जमिनीच्या तुकड्याच्या मोबदल्यांत सबंध भाऊबंदांवर सरकारच्या व गांवाच्या चाकरीचें जूं, रात्रीं-अपरात्रीं बोलावणें, वांटणी होत होत एकेकाच्या वांट्यास मूठभर जागा, आणि चाकरींत कसूर झाल्यास जमीन जाण्याची भीति. डॉ. आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत या कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें. त्याचा रोख असा कीं, चाकरी सोडण्याची मुभा असावी व पुरा आकार देऊन जमीन रयताव्यानें ज्याची त्यास मिळावी. येथें सामाईकांतून सुटून वैयक्तिक मालकीकडे जाणें हीच मुक्ति होती. वतनें अखेर १९५८ च्या कायद्यानें, १ ऑगस्ट १९५९ पासून गेलीं.

परंतु याच आंबेडकरांनीं १९४७ सालीं घटना समितीपुढें ठेवण्यासाठीं जें निवेदन लिहिलें (‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’), त्यांत शेती हा सरकारी धंदा असावा, जमीन सरकारनें मोबदला देऊन घ्यावी, ती जातिधर्मभेद न करितां गांवकऱ्यांस द्यावी व सामुदायिक पद्धतीनें कसली जावी, म्हणजे जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर हे तिन्ही राहणार नाहींत, अशी योजना मांडली आहे. कूळकायद्यानें किंवा तुकडेजोडीनें अस्पृश्यांचा कांहीं लाभ होणार नाहीं, कारण त्यांतील बहुतेक निव्वळ मजूर, असा त्यांचा मुद्दा होता. एकोणीस वर्षांत मत फिरलें असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. दोन्ही वेळां त्यांचा प्रश्न एकच होता: जमिनीच्या निमित्तानें या माणसाच्या मानेवर कोणाचा हात राहतो? वतनांत तो गांवाचा होता, म्हणून वतन मोडावयाचें. बाजारांत तो सावकाराचा असतो, म्हणून बाजारावरही भिस्त ठेवावयाची नाहीं. त्यांनीं विश्वास ठेवला तो सरकारवर, गांवावर नव्हे. गांव म्हणजे कोण, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. आपण खातेदार मंडळींनीं हें वाक्य रागावून न वाचतां थोडें थांबून वाचावें.

गोव्यांतील गांवकारी, ज्यास तिकडे कोमुनिदाद म्हणतात, तिचीही हीच गत. जमीन गांवाच्या सामाईक मालकीची खरी. पण ‘गांव’ म्हणजे गांवकार घराण्यांतील पुरुष. उत्पन्नाचा वांटा त्यांस. चिखलांत उतरणाऱ्या मजुरास केवळ मजुरी.

हा पेंच एकट्या आपल्या देशाचा नाहीं. म. फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील दास्य नष्ट करणाऱ्या लोकांस अर्पण केलें. १९४६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं तेथील कृष्णवर्णीय विद्वान डु बॉइस यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या त्यांच्या समाजाच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. तेव्हां तिकडील अनुभव आपणांस अगदींच परका नव्हे. १८६५ च्या जानेवारींत जनरल शर्मन यानें मुक्त झालेल्या गुलामांस कुटुंबामागें ४० एकरपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला, व त्याच वर्षीं तो फिरविला गेला. तरीही या लोकांनीं पै-पै जमवून १९१० च्या सुमारास दीड कोटि एकरांच्या घरांत जमीन मिळविली. पुढें तींतील बहुतेक गेली. कांहीं धाकदपटशानें गेली, कांहीं कर्जांत गेली. परंतु एक कारण असें आहे कीं, तें आपल्याकडील कोणताही तलाठी चटकन् ओळखील. मृत्युपत्र नाहीं, वारसनोंद नाहीं, जमीन दोन-तीन पिढ्या सामाईक. मग दूर शहरांत राहणाऱ्या एखाद्या वारसाचा दोन आण्यांचा हिस्सा परक्यानें विकत घ्यावा, वाटपाचा दावा लावावा, आणि सरस-निरस वाटप होत नाहीं म्हणून कोर्टानें सबंध जमीनच लिलावांत काढावी. कल्याण-डोंबिवलीकडील वीस-वीस नांवांचे सात-बारे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस अधिक सांगावयास नको. अशी सामाईकी ही समाजाची मालकी नव्हेच. ती केवळ राहून गेलेली वांटणी होय.

याच अमेरिकेंतील दुसऱ्या एका प्रयत्नाशीं आपल्या कोंकणचा संबंध पोंचतो. पेण तालुक्यांतील गागोदें येथें जन्मलेल्या विनोबांनीं १९५१ सालीं भूदान आरंभिलें. त्यांतून पुढें ग्रामदान निघालें. या ग्रामदानाचा विचार रॉबर्ट स्वान नांवाच्या अमेरिकन कार्यकर्त्यानें उचलला. तो व चार्ल्स आणि शर्ली शेरॉड वगैरे कृष्णवर्णीय कार्यकर्ते यांनीं मिळून १९६९ सालीं जॉर्जिया संस्थानांत ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था स्थापिली व सुमारें पावणेसहा हजार एकर जमीन संस्थेच्या नांवें घेतली. जमीन संस्थेची, कसणूक व राहणें कुटुंबांचें, विक्री कोणासच नाहीं, अशी मूळ कल्पना. पुढें अवर्षण आलें, सरकारी शेतीखात्याकडील संकटकाळचें कर्ज गोऱ्या शेतकऱ्यांस मिळालें तसें यांस वेळेवर मिळालें नाहीं, आणि १९८५ सालीं सर्व जमीन कर्जापायीं गेली. २००९ सालीं भेदभावाबद्दल सुमारें सव्वा कोटि डॉलर भरपाई मंजूर झाली, पण दरम्यान चोवीस वर्षें लोटलीं होतीं. म्हणजे नांव एकाचें असो कीं संस्थेचें, जमीन तारण पडली कीं दोहोंची वाट एकच. याउलट मिसिसिपी संस्थानांत फॅनी लू हेमर या शेतमजूर बाईनें १९६९ च्याच सुमारास जी सहकारी शेती काढली, तिची डुकरांची पेढी ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. गरजू कुटुंबास गाभण मादी द्यावयाची, आणि पिलें झालीं कीं कांहीं पिलें पेढीस परत घेऊन पुढच्या कुटुंबास द्यावयाचीं. व्याज पिलांत, तारण कांहीं नाहीं. आपल्या पाड्यांतील धान्यकोठीची युक्ति हीच. खावटी सावकाराकडून न घेतां कोठीतून घेतली, तर अंगठा उठविण्याचा प्रसंगच येत नाहीं.

आमचें मत यावरून असें बनलें आहे कीं, ‘एकाची कीं सर्वांची’ हा प्रश्नच अर्धा आहे. मालकी म्हणजे एक काठी नव्हे, मोळी आहे. कसण्याचा हक्क, पीक घेण्याचा हक्क, वारसास देण्याचा हक्क, गहाण टाकण्याचा हक्क व विकण्याचा हक्क, असे तींत निरनिराळे हक्क बांधलेले असतात. पहिले तीन कुटुंबाजवळच असावेत. सामाईक कसणुकींत ‘बारभाईची शेती’ होते, हें आपल्या पूर्वजांस कळत होतें. शेवटचे दोन मात्र एकट्याजवळ ठेवणें दुर्बळ समाजास घातक ठरलें आहे. ते त्या समाजाच्या सभेजवळ असावेत, आणि सभेजवळ कर्जाची स्वतःची सोय असावी. ती नसेल तर १९०१ चा आक्षेप जसाचा तसा उभा राहतो.

गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवानें नेमकें हेंच करण्याचें धाडस केलें आहे. २००९ सालीं त्यास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभा स्वतः देऊं लागली. आणि २०१३ सालीं गांवकऱ्यांनीं आपल्या खाजगी शेतजमिनीही १९६४ च्या ग्रामदान कायद्याखालीं ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचें ठरविलें. प्रत्येकजण आपलें शेत पूर्वीप्रमाणेंच कसतो. निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वांच्या संमतीनें होतात, त्यामुळें सभा लांबतात. पण बांबूचे पैसे सभेच्या खात्यावर येत असल्यामुळें सभेस दम आहे. पैसा नसलेल्या सभेचा ठराव म्हणजे नुसता कागद.

आपल्या जिल्ह्यांत ही संधि वनहक्क कायदा २००६ यानें आणून ठेवली आहे, आणि दुर्दैवानें तिचा अर्धाच उपयोग होतो. या कायद्यांत वैयक्तिक व सामूहिक असे दोन्ही हक्क आहेत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर कुटुंबास ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. तो पति-पत्नी दोघांच्या नांवें असतो, वारसाकडे जातो, पण विकतां येत नाहीं. म्हणजे वर सांगितलेली मोळी कायद्यानेंच सोडून बांधली आहे. या हक्कांसाठीं मार्च २०१८ मध्यें नाशिकहून निघालेला मोर्चा आपल्या शहापूर-भिवंडीवरून मुंबईस गेला, आणि मार्च २०२३ मधील मोर्चा शहापूर तालुक्यांतील वासिंद येथें थांबला, हें वाचकांस आठवत असेल. दोन्ही वेळां बोलणें झालें तें मुख्यतः वैयक्तिक प्लॉटांचें. प्लॉट मिळालाच पाहिजे; परंतु भोंवतालचें जंगल हातचें गेलें तर त्या प्लॉटावर एकटें कुटुंब किती दिवस तगेल?

गांवाच्या सभेंत बड्या खातेदारांचाच आवाज चालेल, ही डॉ. आंबेडकरांची भीति येथेंही खरी होऊं शकते. तिला उपाय आहे. वनहक्क कायद्यानें पाडाही स्वतंत्र ग्रामसभा धरतां येतो. आणि अनुसूचित क्षेत्रांत, म्हणजे सबंध शहापूर व मुरबाड-भिवंडीचा कांहीं भाग येथें, राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणें पाडा हें वेगळें गांव म्हणून जाहीर होऊं शकतें. ठाकरांच्या पाड्याचा हक्क ठाकरांच्या सभेनें चालवावा. त्यांत पाटलाचें मत मोजण्याचें कारण नाहीं.

आपल्या सभासदांचा यांत संबंध काय, असें कोणी विचारील. आपल्या भागांत भाताचें रोप राबाशिवाय होत नसे, व राबाचा टाहाळ, पाचोळा, गवत हें वरकस जमिनींतून व जंगलांतून येई. वरकस विकून झाली. आतां जंगल तेवढें उरलें आहे. जंगलालगतच्या गांवांतील बिगर-आदिवासी खातेदारांसही या कायद्यांत जागा आहे, मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, त्या ठिकाणीं वास्तव्य व जंगलावर उपजीविका दाखवावी लागते. जुना फेरफार, पाहणीच्या वेळचा नकाशा, गांवनमुन्यांतील गुरचरणाची नोंद, इनामपत्र, आणि कागद नसल्यास वृद्धांचा लेखी जबाब, हा सर्व पुरावा चालतो. पुरावे निदान दोन प्रकारचे असावेत. वैयक्तिक दावा नमुना ‘अ’ मध्यें, सामूहिक वापराचा ‘ब’ मध्यें व सबंध वनक्षेत्र राखण्याचा ‘क’ मध्यें करावयाचा असतो. सभेस निम्मे सभासद हजर पाहिजेत व हजर असलेल्यांत एक-तृतीयांश तरी स्त्रिया पाहिजेत. अर्ज पाड्याच्या सभेशीं विचार करूनच घालावा. तिला वगळून घातलेल्या अर्जास पाड्याची हरकत येणार, आणि ती रास्तच असेल.